निघोज्याला ठेवलेला डफ

आमच्या चर्चमधली जुनी घरं अजून एक गोष्ट सांगतात. पिंपरीच्या माळावर औषधाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची. भर जत्रेत एका शाहिराने ख्रिस्ती लोकांना बायबलवरून सवाल टाकला. आमचे म्हातारे मास्तर गप्प बसले, आणि आमच्यातल्या एका पोराने उठून असा दाखला दिला की समोरचा फड खाली बसला. पुढे मास्तरांना हार सोसवली नाही, ते तोंड लपवून गाव सोडून गेले. गोष्ट इथे संपते. त्यातला पोरगा मी. ही गोष्ट मी लग्नांत ऐकली, बाप्तिस्म्यांत ऐकली, एकदा तर माझ्याच सत्काराला ऐकली. दरवेळी मान खाली घातली, आणि लोकांना तो विनय वाटला.

मास्तर हरले नव्हते. ते कसं, तेवढंच सांगायचं आहे.

मास्तर नगर जिल्ह्यातले, मिशनच्या शाळेतले. माझ्या बापाला आणि नंतर मला त्यांनीच पाटीवर गिरवायला शिकवलं. ओळीने दोन सालं पाऊस हुकला तेव्हा आमच्या गावची काही कॅथलिक घरं कामासाठी पिंपरीला आली. मागोमाग मास्तरही आले. "मेंढरं गेल्यावर रिकामा वाडगा राखून काय करू?" म्हणाले. कारखान्याच्या बांधकामावर त्यांना फाटकाशी राखणीचं काम मिळालं आणि मला सिमेंटच्या गोदामात. आम्ही राहायचो नदीच्या पलीकडे, काळेवाडीच्या शेतांच्या कडेला, पत्र्याच्या खोल्यांत. दोन खोल्यांच्या मधे गोणपाटाची भिंत. शेजारचा कुशीवर वळला तरी कळायचं. त्या गोणपाटाचा पुढे मला किती काच होणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

फादर पुण्याहून महिन्यातून एकदा मिस्सेला, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेला, येत. बाकीच्या रविवारी मास्तरांच्या खोलीत प्रार्थना व्हायची. मास्तरांकडे एक डफ होता. त्यावर ते बायबलातल्या गोष्टी गाऊन सांगायचे. नोहाच्या तारवात जनावरं चढायची तेव्हा डफावर त्यांचे पाय वाजायचे. हत्तीचे वेगळे, शेळीचे वेगळे. मुलं हसून लोळायची. आमच्या लोकांकडे पोथ्या नव्हत्या आणि मिस्सेतलं लॅटिन कुणाला कळत नव्हतं. आमचं सगळं शास्त्र त्या डफात होतं.

कामावर दुपारी भाकरी खायला बसलं की वाद व्हायचे. हजेरीचा कारकून पुण्याचा, वाचलेला माणूस. देव-धर्म मानत नसे, पण आमच्या धर्मावर त्याचा जास्त लोभ.

"काय मास्तर, तुमच्यातलेच ते दुसऱ्या मिशनवाले म्हणतात, तुम्ही मरियाबाईची मूर्ती पुजता. मग देव्हारा सोडून मिळवलंत काय?"

मास्तर भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचे, "रावसाहेब, तुमच्या पाकिटात आईचा फोटो आहे ना? परवा काढून बघत होता. कागदाला आई म्हणता का?"

कारकून हसायचा. मग दुसरीकडून यायचा. "ते पापं सांगायचं बरं आहे तुमचं. शनिवारी फादरच्या कानात सांगायचं, सोमवारी पाटी कोरी!"

"तितकं सोपं असतं तर मी रोज गेलो असतो," मास्तर म्हणायचे. "एखाद्यानं बैल चोरला आणि सांगायला आला, तर फादर आधी विचारतात, बैल कुठं बांधलाय? तो ज्याचा त्याला दिल्याशिवाय पाटी कोरी होत नाही."

हे सगळं ऐकत असायचा तो निघोज्याचा शाहीर. तो मातीकामाच्या टोळीचा मुकादम होता, आणि गावोगावच्या जत्रांत भेदिक गायचा. भेदिक म्हणजे गाण्यातला सवाल-जवाब. एका फडाने शास्त्रातला सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा आणि जवाबाला पोथीतला दाखला जोडायचा. जवाब आला नाही तर आपला डफ समोरच्यापुढे ठेवायचा. डफ ठेवला की तो सवाल मिटला, पुन्हा कुणी काढायचा नाही. या खेळात 'मला ठाऊक नाही' असा जवाब नसतो. मी नगरकडे लहानपणी हा खेळ बापाच्या खांद्यावर बसून पाहिला होता. धर्माचा वाद म्हणजे असाच असतो, अशी माझी समजूत होती. सगळी चूक त्या समजुतीत होती.

शाहिराला मास्तरांचा डफ आवडायचा. "मास्तर, तुमचा हात चांगला हाय. एकदा जत्रंला या की आमच्यात." मास्तर हसून नाही म्हणायचे. पण एका जत्रेला त्याने आमच्या सगळ्या घरांना बोलावणं धाडलं, आणि नाही म्हणणं वाईट दिसलं असतं. पिंपरीच्या चावडीपुढे, कुस्त्या लागायच्या आधी, दुपारी फड बसला. मास्तरांनी नोहाचं तारू गायलं. लोक खूश झाले. मग शाहीर उठला. शेजारी कारकून बसला होता. सवाल कुणाचा आहे ते मला लगेच कळलं.

सांगा मास्तर, कोण्या राजाची अशी असती रीत,
दिस भरल्या बाईला धाडी मोजाया दूर गावात?
आमची शिरगणती झाली बसल्या ओट्यावरी,
तुमच्याच देवाची का मोजणी, राव, गाढवावरी?

येशूच्या जन्माआधी योसेफ गरोदर मरियाबाईला घेऊन शिरगणतीसाठी बेथलेहेमला गेला, त्या गोष्टीवरचा हा टोला. लोक खदखदून हसले. कारकून उभा राहिला. "मागच्या शिरगणतीला मी स्वतः घरोघर फिरलोय. माणूस असेल तिथं मोजतात. बापजाद्याच्या गावी जा म्हणून कुठलं सरकार सांगेल? अशी शिरगणती झाली याला पोथीबाहेरचा दाखला द्या. नाहीतर म्हणा, ही बनवलेली गोष्ट आहे."

सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या. मास्तरांनी डफ मांडीवर आडवा ठेवला, विचार केला आणि म्हणाले, "ठाऊक नाही मला. फादरांना विचारून सांगतो."

एवढा हशा मी पुन्हा कधी ऐकला नाही. कुणीतरी शिट्टी वाजवली. "इचारून सांगतो म्हनं! फादरला इचारा, फादर पोपला इचारंल!" माझा चुलता शेजारी बसला होता, त्याने डोकं गुडघ्यात घातलं. आमच्या बायकांनी पदर ओढून घेतले. मास्तर शांत बसले होते, जसं काही घडलंच नाही. मला त्या शांतपणाचा राग आला. मी उठलो.

"दाखला आहे," मी म्हणालो. "त्याच काळातला ताम्रपट सापडलाय, रोमला ठेवलाय. बेथलेहेमात मोजणीला आलेल्या माणसांची नावं आहेत त्यावर. योसेफाचंही आहे. त्याचा फोटो आमच्या फादरांकडे मी डोळ्यांनी पाहिलाय."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. शिवाजीमहाराजांच्या वेळचे ताम्रपट असतात, म्हणून तिकडेही असतील, एवढाच माझा आधार. पण 'फोटो' म्हटल्यावर हशा थांबला. कारकून खाली बसला. शाहीर मात्र माझ्याकडे बघत राहिला.

"फोटो हाय म्हन्तोस? मग हरलो आमी," तो म्हणाला. "पर दाखला बगायचा हक हाय आमचा. तुमचं फादर ज्या ऐतवारी येत्याल, त्या ऐतवारी म्या बी येतो. चार मान्सं घिऊन."

आमच्या लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मी वरून मास्तरांना पाहिलं. ते डफाची दोरी गुंडाळत होते.

घरी परतताना नदीच्या उतारावर ते माझ्याबरोबर मागे राहिले. पाणी घोट्याइतकं होतं. त्यांनी वहाणा हातात घेतल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "फोटो कुठल्या फादरांनी दाखवला?"

"बोर्डिंगात होतो तेव्हा. त्या जर्मन फादरांनी."

"म्हातारे, ते वारले ते?"

"हो."

"त्यांची नजर गेली होती रे शेवटी," मास्तर म्हणाले. पलीकडच्या काठावर जाऊन त्यांनी वहाणा घातल्या. "बरं," म्हणाले, आणि पुढे चालू लागले.

त्या 'बरं'नंतरचे दिवस मी कसे काढले! खोल्यांतून रोज ताम्रपटाचं नाव निघायचं. बाया पाण्याला जाताना मला थांबवून विचारायच्या, "मरियाबाईचंबी नाव हाय का रं त्यावर?" मी म्हणायचो, आहे. एकाने विचारलं, कुठल्या लिपीत? मी म्हणालो, त्यांच्याच. खोटं दररोज थोडं थोडं वाढवावं लागायचं, आणि गोणपाटाच्या दोन्ही बाजूंनी लोक ते ऐकत असायचे. आजारी पडावं, फादरांची मोटरसायकल बिघडावी, असं सगळं मी देवाकडे मागून पाहिलं. पळून जाण्यासारखी जागा नव्हती. गावी गेलो असतो तर गोष्ट माझ्याआधी तिथे पोचली होती.

फादर यायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी कामावरून सुटी घेतली, डफ फडक्यात बांधला आणि सकाळीच चालत निघाले. शाहीर त्या आठवड्यात गावी होता, आणि निघोजे इंद्रायणीच्या पलीकडे. म्हाताऱ्या माणसाला ती वाट लहान नाही. दिवस कलताना परत आले ते हात हलवत. लोक गोळा झाले.

"डफ शाहिराकडे ठेवून आलो," मास्तर म्हणाले. "सवाल मला टाकला होता, जवाब माझ्याकडे नव्हता. सवाल मिटला. उद्या कुणी येणार नाही."

क्षणभर कुणाला कळेना. मग माझा चुलता भडकला. "मिटला? जिंकलेला डाव घालवून आलात? पोरानं नाक राखलं आणि तुम्ही जाऊन कापून दिलंत!"

"माझंच होतं ना नाक. दिलं."

"म्हातारपणी हेवा वाटतो हो पोराचा," एक बाई म्हणाली. ज्या बाईची तीन मुलं मास्तरांच्या डफावर नोहा शिकली होती, ती.

मी पाण्याची बादली घेऊन तिथेच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. बादली खाली ठेवली असती तरी कदाचित बोललो असतो. नाही ठेवली.

अंधार पडायच्या आत त्यांच्या खोलीत गेलो. गोणपाटामुळे दोघेही हळू बोललो.

"मास्तर, तुम्ही का गेलात?"

"उद्या फादर 'फोटो नाही' म्हणाले असते. मग लोक काय म्हणाले असते? पोराचं खोटं, म्हणजे बेथलेहेमही खोटं. म्हातारा हरला तर बेथलेहेमाचं काही जात नाही." पायाला तेल चोळत होते, मान वर न करता म्हणाले, "तुला वेळ लागेल. लागू दे. पण फार लावू नकोस, बाबा. मी काही तरणा नाही."

मी वेळ लावला. मिटलेला सवाल काढायचा नसतो, म्हणून त्या रविवारी फादरांपुढे कुणी ताम्रपटाचा विषयही काढला नाही. लोकांनी मुलांना त्यांच्याकडे पाठवणं थांबवलं. फादरांना सांगितलं की प्रार्थना आता हा पोरगा चालवेल. मास्तर शेवटच्या ओळीत बसून मी चुकवलेली गाणीही माझ्यामागून म्हणायचे. मग एक दिवस मुलीकडे राहायला म्हणून नगरला जाणाऱ्या ट्रकवर त्यांनी ट्रंक चढवली. ट्रंक मीच उचलून दिली. ट्रक सुटायला उशीर होता. ते फळीवर बसून माझ्याकडे पाहत होते, वाट पाहत होते. मी ट्रंकेची दोरी घट्ट करत राहिलो. घट्ट झालेली दोरी पुन्हा सोडून पुन्हा घट्ट केली.

पुढच्या मिस्सेला फादर आल्या आल्या म्हणाले, "मास्तर कुठे? त्यांनी मला प्रश्न विचारला होता, शिरगणतीचा. मला एक गोष्ट मिळाली आहे."

म्हणजे मास्तरांनी विचारलं होतं. 'विचारून सांगतो' म्हणाले होते, आणि खरंच विचारलं होतं.

फादरांनी ती गोष्ट मलाच सांगितली. इजिप्तमध्ये एक जुना कागद सापडला आहे, एका रोमी अधिकाऱ्याचा हुकूम. शिरगणती येत आहे, जे लोक आपला मुलूख सोडून बाहेर राहतात त्यांनी घरी परतावं. "पण हा हुकूम येशूच्या जन्मानंतरचा आहे, बराच. आणि दुसऱ्या देशातला. त्यामुळे सगळं सुटत नाही. फक्त, 'असं कुठलं सरकार सांगेल' म्हणतात ना, त्यांना एवढं दाखवता येतं. बाकीचं अजून शोधतो आहे, मास्तरांना सांगा."

खरा दाखला माझ्या हातात आला आणि मला तो कुणाला दाखवता येईना. योसेफाच्या नावाचा ताम्रपट ऐकलेल्या लोकांना हा दुसऱ्या देशातला, मागाहूनचा हुकूम काय सांगू? माझ्या खोट्यापुढे तो किरकोळ दिसला असता. कारकुनाला सांगायची फार इच्छा झाली. तो न्यायाने वागला असता, असं आता वाटतं. त्याने प्रश्न बरोबर विचारला होता.

पास्काला, म्हणजे ईस्टरला, पापनिवेदन चुकवता येत नाही. मी ओळखीच्या फादरांकडे न जाता पुण्याला दुसऱ्यांकडे गेलो. जाळीपलीकडून त्यांनी विचारलं, "ते गृहस्थ हयात आहेत?"

"आहेत."

"तुम्ही लोकांपुढे बोललात. लोकांपुढेच परत घ्यावं लागेल. घ्याल?"

"घेईन," मी म्हणालो. तेही खोटं झालं. मग मला मिस्सेतही कोंडल्यासारखं होऊ लागलं. न फेडलेल्या खोट्यावर ख्रिस्तप्रसाद घ्यावा तर पाप, न घ्यावा तर सगळी मंडळी बघणार, की मास्तरांच्या जागी आलेला माणूस उठला का नाही. मी उठत राहिलो.

त्याच सुमाराला शाहीर मला फाटकाशी भेटला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज मात्र चढवला नाही.

"काय रं पोथीवाल्या, म्हातारा माज्याकडं काय म्हनून गेला, ठावं हाय?"

"नाही."

"म्या म्हनलं, मास्तर, पोरानं ठोकून दिलंय, मला काय कळत न्हाई व्हय? तर म्हनला, 'पोरगं माझं हाय. डफ ठिवा.' आता ऐक. त्यो डफ म्या जिकलेला न्हाई, राखलेला हाय. ज्या जागी तू बोललास, त्याच जागी हुभं राहून 'माझा दाखला खोटा' म्हन. चार मान्सांनी आयकलं पायजे. म्हन आन् घिऊन जा. म्या मेलो तर माजी मान्सं देत्याल."

म्हणजे दार उघडंच होतं. चावडी आमच्या खोल्यांपासून कितीशी लांब? पण त्या वर्षी माझं लग्न जमत होतं, आणि सासऱ्याने मुलगी दिली ती ताम्रपटवाल्याला. मग मुलं झाली. मग चर्चच्या बांधकामाला लोकांनी माझ्या शब्दावर घाम गाळला. दरवर्षी त्या एका वाक्याची किंमत वाढत गेली. मास्तर वारल्याचं मला मातीनंतर कळलं. शाहीर गेला तेव्हा मी निघोज्याच्या वेशीपर्यंत गेलो आणि परत फिरलो.

आता मी पिंपळे सौदागरला मुलाकडे असतो, बाराव्या मजल्यावर. गेल्या महिन्यात रिक्षा करून निघोज्याला गेलो. शाहिराचा नातू, पन्नाशीचा, कंपन्यांना गाड्या पुरवतो. बंगल्याच्या ओसरीत डफ टांगलेला होता. त्याला ठाऊक होतं. "आजा सांगून गेलावता, एक मानूस यील, कायतरी म्हनंल, मग द्यायचा. म्हना काय म्हनायचं ते."

मी म्हणालो, "माझा दाखला खोटा होता."

"म्हंजे काय, बाबा?"

मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. त्याने चहा थंड होऊ दिला. ऐकून झाल्यावर भिंतीकडे पाहिलं, पण उठला नाही. "तुमी इथं म्हनला. आजा म्हनलावता, त्याच जागी. मला न्हाई देता येत इथं." मग उठत म्हणाला, "गाडी काढू का?"

चावडीची जागा मला लगेच सापडली नाही. दुकानं, पार्किंग, वरून पूल. शेवटी एका चहाच्या गाड्यापाशी मी म्हणालो, इथेच असावी. नातवाने डफ काखेत मारला आणि गाड्यावरच्या माणसांना हाक दिली, "ओ भाऊ, दोन मिंटं ऐका, बाबांना बोलायचंय." शिफ्ट सुटून आलेली काही पोरं होती. त्यांनी मोबाइल खाली केले. मी उभा राहिलो. मास्तरांचं नाव घेऊन बोललो. हरले ते नाहीत, मी खोटं बोललो.

कुणाला काही कळलं असेल असं नाही. एक पोरगा म्हणाला, "असू द्या, बाबा." चहावाल्याने मात्र गाळणी हातात धरून विचारलं, "मग त्या सवालाचा खरा जवाब काय व्हता?"

मला फादरांचा तो हुकूम आठवला. इजिप्त, रोम, सगळं आठवलं. तोंडाशी आलं होतं.

"तेव्हा ठाऊक नव्हता," मी म्हणालो. "विचारून सांगायचा होता."

चहावाल्याने मान हलवली. नातवाने डफाचं कातडं बोटाने दाबून पाहिलं. ढिलं पडलं होतं. त्याने चहावाल्याला पातेलं बाजूला करायला लावलं आणि डफ शेगडीच्या धगीवर धरला, जसा त्याचा आजा धरत असेल. मग एक थाप मारली आणि डफ माझ्या हातात दिला.

मास्तरांची मुलगी नगरकडे अजून आहे. बाप हरून आला, एवढंच तिला ठाऊक आहे. डफ तिचा आहे.